जे. आर. डी. टाटा आणि कराची ते मुंबई विमान

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरात झाला. त्यांचे वडील पारशी व आई फ्रेंच होती. सगळे त्यांना जे. आर. डी. म्हणत. लहानपणी सुट्टीत ते समुद्रकाठी जात, तिथे ब्लेरिओ नावाच्या मोठ्या वैमानिकाचं घर जवळच होतं. तिथली विमानं बघून त्यांना विमानाचं वेडच लागलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना विमान चालवण्याचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्याचा नंबरसुद्धा १ होता.

१९३० साली आगाखान यांनी एक बक्षीस लावलं. जो भारतीय इंग्लंड ते भारत हे अंतर एकटा विमानाने पार करील, त्यात जो पहिला येईल त्याला ५०० पौंड. कोणत्याही बाजूने निघालं तरी चालत होतं. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा तरुण तिकडून येत होता. दोघांची इजिप्तमध्ये गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. मग अस्पी थोड्या तासांच्या फरकाने जिंकला! मी असतो तर दिला असता का, ते मला सांगता येत नाही. अस्पी पुढे भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

आता मुख्य गोष्ट. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी टपाल घेऊन कराची ते मुंबई विमान नेलं. तेव्हा कराची आपल्याच देशात होतं. विमानाचं नाव पस मॉथ. त्याला एकच इंजिन होतं आणि रेडिओ नव्हता. टाटा एकटेच होते. सकाळी साडेसहानंतर निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे बैलबंडीतून आले. आपल्याकडे बंडीत कापूस नेतात, तिथे विमानाचं पेट्रोल! दुपारी दोनच्या आत ते मुंबईला जुहूच्या मातीच्या मैदानावर उतरले. पावसाळ्यात त्या मैदानात पाणी भरे, म्हणून तेवढे दिवस विमान पुण्याला उतरवत.

मी वर्गातल्या नकाशावर दोरा लावून मोजलं. कराची ते अहमदाबाद सुमारे ६०० किलोमीटर आणि पुढे मुंबईपर्यंत सुमारे ४५० भरलं. एकूण १०५० झाले. विमान तासाला सुमारे १६० किलोमीटर जाई. भागाकार केला तर साडेसहा तास येतात, आणि पेट्रोल भरायचा वेळ वेगळा. आता अहमदाबाद ते मुंबई विमान सव्वा तासात येतं. मारेगावहून एसटीने नागपूरला जायला त्याहून जास्त वेळ लागतो.

टाटांच्या या कंपनीचं नाव १९४६ साली एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ रोजी तिचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. १९५३ साली सरकारने कंपनी आपल्याकडे घेतली. टाटांना फार वाईट वाटलं, पण त्यांनी काम सोडलं नाही, ते पुष्कळ वर्षं तिचे अध्यक्ष राहिले. २०२२ साली ती परत टाटांकडे आली. तेव्हा ते नव्हते. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं होतं आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हाला ते वारले.

एक राहिलंच. १९८२ साली पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली. त्या दिवशी टाटा एका जुन्या छोट्या विमानात बसले आणि कराची ते मुंबई पुन्हा स्वतः उडवत आले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. माझे आजोबा त्याहून लहान आहेत, तरी त्यांना सायकल चालवू देत नाहीत.

दोरा अजून नकाशावर तसाच लावलेला आहे. पालकांनी पाहावा, कोणी ओढू नये.

इयत्ता ४ थी