चेतापेशींचे कोडे सोडवणारे डॉ. ओबेद सिद्दिकी

विद्यार्थिमित्रांनो आणि पालकहो, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या आपण पाहिल्या असतील. ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. याच संस्थेच्या मुंबईतील प्रयोगशाळेत डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी आपले आयुष्य संशोधनात वेचले.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी उत्तर प्रदेशात बस्ती येथे झाला. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिक्षण घेऊन त्यांनी शेतात गव्हावर प्रयोग मांडला. पण गारपिटीने सारे पीक नष्ट झाले. गारपिटीचे दुःख आपल्या भागातील शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको! सिद्दिकी मात्र खचले नाहीत. ते ग्लासगोला गेले आणि बुरशीच्या आनुवंशिकतेवर संशोधन करून पीएच.डी. झाले. १९६२ साली डॉ. होमी भाभांच्या पाठिंब्याने त्यांनी मुंबईत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला.

पुढे ते चेतासंस्थेकडे वळले. मुलांनो, चेतापेशी म्हणजे नुसती विजेची तार नव्हे. पेशी स्वस्थ असताना तिची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश येताच तिच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात आणि सोडियमचे धनभारित कण आत शिरतात. त्यामुळे शेजारची दारे उघडतात, आणि संदेश पुढे धावतो. पेशीच्या टोकाशी बारीक फट असते. तेथे रसायन बाहेर पडते व पुढील पेशीला निरोप पोचवते.

यात बिघाड झाला तर? अमेरिकेतील सीमोर बेंझर यांच्यासमवेत सिद्दिकींनी पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या फळमाश्यांचा अभ्यास केला. काही माश्या उष्णता वाढताच लुळ्या पडत आणि गारवा मिळताच पुन्हा चालू लागत. एकेका जनुकातील दोषामुळे चेतापेशींच्या विद्युत संदेशांचे काम बिघडते, हे या दोघांनी १९७६ साली दाखवून दिले. त्यांपैकी एका जनुकापासूनच सोडियमचे दार बनते, हे पुढे इतर शास्त्रज्ञांनी शोधले.

पालकहो, हे ज्ञान आपल्या घराशीही निगडित आहे. माणसाच्या पेशींतील अशीच दारे बिघडल्याने फिट येण्याचे काही प्रकार उद्भवतात. म्हणून मुलाला फिट आली तर चप्पल हुंगवू नका, बाहेरची बाधा समजून ताईत-धाग्यात वेळ दवडू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. औषधाने पुष्कळ रुग्णांच्या फिट थांबतात.

सिद्दिकींनी बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. १९८४ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २६ जुलै २०१३ रोजी अपघातानंतर त्यांचे निधन झाले. या गोष्टीला दशकाहून अधिक काळ लोटला.

विद्यार्थ्यांनो, एका परीक्षेतील अपयश म्हणजे एका हंगामाची गारपीट. जमीन शिल्लक असते. पेरणी पुन्हा करावी!