अमळनेरचे साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वर्गातील अध्यापनाहूनही आम्हांस त्यांचे छात्रालयातील कार्य थोर वाटते. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, कंदील पुशीत. हस्तलिखित दैनिक काढून त्यांच्यापुढे देशाचा विचार मांडीत. बोर्डिंगात वाढलेल्या आपल्या वाचकांस अशा मायेचे मोल निराळे सांगावयास नको. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. शाळेची ती हानीच होती. मात्र १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच टिपून घेतली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. ११ जून १९५० रोजी ते गेले. प्रताप हायस्कुलात त्यांनी अवघी सहा वर्षे काढली होती.