आधी चिंचोके, मग अंक

रासेयोच्या शिबिरासाठी तुम्ही कधी एटापल्ली नाहीतर भामरागडकडच्या गावात गेला असाल, तर अंगणवाडी पाहिलीच असेल. चार वर्षांचं पोट्टं पाटीवर १ ते १० गिरवतं. तुम्ही कौतुकानं म्हणता, पाच खडे दे बरं. पोट्टं गप्प! पाचचा आकडा हाताला येतो, पण पाच म्हणजे किती हे ठाऊक नसतं. ही गाठ सोडवण्यात ज्यांची हयात गेली, त्या ताराबाई मोडक.

त्यांचा जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२ चा. १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. लग्नानंतर आल्या त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला. नवरा वकील, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. लहान मुलीला घेऊन, नोकरी धरून एकटीनं राहायचं, हे त्या काळात किती अवघड असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

राजकोटमार्गे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे पोचल्या. गिजुभाईंच्या बालमंदिरात माँटेसरींची पद्धत चालायची. तिथे अंक आधी बोटांना कळतो. पोर खरखरीत कागदाच्या अंकावरून बोट फिरवतं, काठ्या मोजून कप्प्यात ठेवतं. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो, म्हणजे शून्य वेगळं समजवायला नको. हात तयार झाल्यावर मग पेन्सिल. आज अडीच वर्षांच्या लेकराकडून वहीची पानं भरून घेणाऱ्या नर्सऱ्यांनी हे एकदा बघायला हवं. मराठीत तर घोळ आणखी वाढतो. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी. नुसतं गिरवलेलं पोर मग ५२ लिहितं, आणि मार खातं.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं. तिथेच थांबल्या असत्या तरी नाव राहिलंच असतं. पण माँटेसरींची साधनं महागडी, आणि पोरं शहरातली, खाऊनपिऊन सुखी. खेड्यातल्यांचं काय? १९४५ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. सोबतीला आल्या तरुण अनुताई वाघ.

वारली पोरं शाळेत येईनात. मग ताराबाई-अनुताईच पाड्यावर जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात पोरं गोळा करायची, आंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची. साधनं काय? खडे, शिंपले, पानं, फुलं, बिया. महागड्या काठ्यांचं काम चिंचोक्यांनी केलं. पुढे कोसबादच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली बहीण एरवी शाळेत येणार कशी? गुरं राखणाऱ्यांसाठी शाळा थेट कुरणात भरली.

१९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि पाड्यावरच्या अंगणाची आठवण देणारं अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

त्यांचं काम डहाणूकडचं, आपल्या जंगलातलं नव्हे. पण इथे साधनांची वाण आहे का? उन्हाळ्यात आई तेंदूपत्त्याचं पुडकं बांधते, सत्तर पानांचं, आणि लेकरू शेजारी बसून बघत असतं. मोहफुलं वेचून टोपलीत टाकत असतं. पुढच्या शिबिरात अंकांचा तक्ता नेण्याआधी त्याच्याजवळ जरा बसा. कदाचित ते उंदी, रंड, मुंद असं गोंडीत मोजत असेल. तेव्हा त्याला मधेच थांबवून एक, दोन, तीन म्हणायला लावू नका.