कार्पेंटर मावशी

मुलांनो, परक्या गावी कोणी प्रेमाने घरात घेतले, तर तुम्हांला किती धीर येतो! डॉ. आनंदीबाई जोशी यांना असा आधार दूर अमेरिकेत मिळाला.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ साली झाला. लहानपणीच त्यांचे लग्न झाले. पती गोपाळराव यांनी त्यांना शिकवले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. पण तो दहा दिवसांतच दगावला. पुढे त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील मासिकात छापून आले. ते थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी वाचले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीने न्यूयॉर्कला पोहोचल्या. कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला बंदरावर आल्या. रोझेल गावातील आपल्या घरी त्यांनी या पाहुणीला मुलीसारखे ठेवले. आनंदीबाई तेथेही शाकाहारी राहिल्या, साडीच नेसल्या. त्यांनी आपला धर्मही सोडला नाही. त्या घरात त्यांच्या रीतींना मान होता. म्हणून त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणत.

पुढे फिलाडेल्फिया शहरातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. कडक थंडीत प्रकृती ढासळली, तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली. मावशींनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

मुलांनो, तुमच्या घरी वेगळ्या रीतीचा पाहुणा आला, तर तुम्ही त्याचे स्वागत कसे कराल?