नेव्हिल डिसोझा
नेव्हिल स्टीफन डिसोझा (३ ऑगस्ट, १९३२ – १६ मार्च, १९८०) हे भारतीय फुटबॉलपटू होते. मुंबईतील टाटा स्पोर्ट्‌स क्लब व काल्टेक्स या संघांकडून ते मध्य आघाडीवर खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट-ट्रिक साधणारे ते पहिले आशियाई खेळाडू मानले जातात. त्या स्पर्धेत भारताने मिळविलेला चौथा क्रमांक हे ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताचे आजवरचे सर्वोच्च यश आहे.

== पार्श्वभूमी ==
डिसोझा यांचा जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यातील आसगाव येथील कुटुंबात झाला. त्या काळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्या गोमंतकीयांची संख्या मोठी होती. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या निवासस्थानांना ‘कूड’ म्हणत. या वस्त्यांतून आलेल्या तरुणांनी मुंबईच्या फुटबॉलला अनेक गुणी खेळाडू दिले. नेव्हिल यांचे बंधू डेरिक डिसोझा हेही फुटबॉल खेळाडू होते.

== मुंबईतील कारकीर्द ==
त्या वेळी भारतात व्यावसायिक फुटबॉल अस्तित्वात नव्हते. युरोपात खेळाडू क्लबकडून पगार घेऊन खेळत. १९५८ च्या विश्वचषकात १३ गोल करणारा फ्रान्सचा जुस्त फॉन्तेन हा रीम्स क्लबचा असाच व्यावसायिक खेळाडू होता. मुंबईत मात्र मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देत आणि खेळाडू कचेरी सांभाळून कूपरेज मैदानावर उतरत. डिसोझा यांची कारकीर्द याच व्यवस्थेत घडली. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईने सेनादलाचा पराभव करून संतोष चषक प्रथमच जिंकला. त्या विजयी संघात डिसोझा होते. पुढे ते ज्या काल्टेक्स संघाकडून खेळले, त्या संघाने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक पटकावला.

== मेलबर्न ऑलिंपिक, १९५६ ==
१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताला युगोस्लाव्हियाकडून १-१० असा मानहानिकारक पराभव पत्करावा लागला होता. त्या सामन्यात भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट घालणे सक्तीचे झाले. संघाची बांधणी हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी केली. पेशाने शिक्षक राहिलेल्या रहीम यांचा भर आखूड पास आणि दोन्ही पायांनी चेंडू हाताळण्याच्या सरावावर असे. मेलबर्नला गेलेल्या संघाचे कर्णधार समर बॅनर्जी होते.

पहिल्या फेरीत भारताची गाठ १९५२ च्या विजेत्या हंगेरीशी पडणार होती. परंतु त्या देशातील सोव्हिएत लष्करी हस्तक्षेपाच्या पार्श्वभूमीवर त्यांचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरला नाही व भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. नवव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा फटका गोलच्या आडव्या खांबाला लागून परतला आणि डिसोझा यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. ब्रूस मॉरो याने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला डिसोझा यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, तीही मॉरो याने पुसून टाकली. मध्यंतराला २-२ अशी स्थिती होती. उत्तरार्धात पन्नासाव्या मिनिटाला डिसोझा यांनी तिसरा गोल केला, तर चौथा गोल कृष्णस्वामी किट्टू यांनी नोंदविला. भारत ४-२ ने विजयी झाला.

४ डिसेंबर रोजी उपांत्य सामन्यात चार वर्षांपूर्वीचाच प्रतिस्पर्धी युगोस्लाव्हिया समोर होता. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात डिसोझा यांनी गोल करून भारताला आघाडीवर नेले. ही आघाडी काही मिनिटेच टिकली. युगोस्लाव्हियाने लागोपाठ तीन गोल केले, शेवटी भारताच्या खेळाडूकडून एक स्वयंगोल झाला आणि सामना १-४ असा गमावावा लागला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ०-३ ने हरविले.

डिसोझा यांचे स्पर्धेत चार गोल झाले. युगोस्लाव्हियाचा तोदोर व्हेसेलिनोविच व बल्गेरियाचा दिमितर मिलानोव्ह यांच्यासह ते स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे संयुक्त खेळाडू ठरले.

== मूल्यमापन ==
मेलबर्नच्या स्पर्धेत अकराच संघ होते आणि भारताने उपांत्य फेरी गाठली ती एका विजयाच्या बळावर, ही गोष्ट या यशाचे मोजमाप करताना नाकारता येत नाही. तथापि तो विजय यजमान संघावर होता. हेलसिंकीला ज्याच्याकडून दहा गोल खाल्ले, त्या रौप्यपदक विजेत्या युगोस्लाव्हियाविरुद्ध भारत काही काळ आघाडीवर होता, हेही तितकेच खरे. या दोन्ही सामन्यांत मिळून भारताचे पाच गोल झाले. त्यांपैकी चार डिसोझा यांचे होते.

गोमंतकीय क्रीडा-इतिहासात या कामगिरीला आणखी एक अर्थ आहे. १९५५ च्या सत्याग्रहावरील गोळीबारानंतर भारत व पोर्तुगीज गोवा यांच्यातील संबंध तुटले होते व सीमेवर निर्बंध आले होते. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये. म्हणजे गोव्याचा हा सुपुत्र मेलबर्नला भारतासाठी गोल करीत होता, तेव्हा त्याचे मूळ गाव परकीय सत्तेखालीच होते.

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला व फुटबॉलसाठीचा पहिला मान प्रदीपकुमार बॅनर्जी यांना मिळाला. डिसोझा यांना हा पुरस्कार लाभला नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही, त्यामुळे त्यांचा विक्रम भारतीयांपुरता अबाधित आहे.

== निधन ==
१६ मार्च, १९८० रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी डिसोझा यांचे निधन झाले. सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ (२०२४) या हिंदी चित्रपटामुळे त्या पिढीतील फुटबॉलपटूंची नव्या प्रेक्षकांना ओळख झाली.