कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे भारतातील आधुनिक खगोलभौतिकीच्या आरंभकाळातील शास्त्रज्ञ होते. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी व मुंबई सरकारचे अनुदान यांतून तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. सूर्य पूर्ण झाकला जाण्याचा अवधी सुमारे दोन मिनिटांचाच होता. हुकलेली संधी पुन्हा मिळणार नव्हती. तेवढ्यात त्यांनी प्रभामंडल व वर्णपट यांची छायाचित्रे घेतली. १९१२ मध्ये त्यांच्या निवृत्तीबरोबर वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनॉल येथील वेधशाळेकडे गेली. ती ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जाते.