आटपाडीच्या माळावरची गोष्ट पडद्यावर नेणारे गदिमा

ग. दि. माडगूळकर म्हटलं की आधी 'गीतरामायण' आठवतं. पण अण्णा सिनेमात शिरले ते नट म्हणून. आणि त्यांची देशाबाहेर गाजलेली पटकथा उगवली ती आपल्या आटपाडीच्या माळावर.

१ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे इथं त्यांचा जन्म झाला. गाव माडगुळे. हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. पाऊस बेभरवशाचा आणि घरची गरिबी. मॅट्रिकला गणितानं दगा दिला, तेव्हा पोटासाठी कोल्हापूर गाठलं. १९३८ साली मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त बारीकशी भूमिका मिळाली. पुढं वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम केलं. दुसऱ्याचं लिहून घेता घेता स्वतःचा हात तयार झाला. १९४७ च्या 'रामजोशी'नं नाव झालं. १९५२ साली 'पेडगावचे शहाणे' आणि 'लाखाची गोष्ट' आले. जोडीला अभिनयही चालूच होता.

इकडं आटपाडीजवळ एक वेगळाच प्रयोग सुरू झाला होता. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांची कल्पना औंधच्या राजेसाहेबांनी उचलून धरली आणि १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर वसलं. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना इथं कोंडायचं नाही. त्यांनी शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. भिंत नाही, बेड्या नाहीत, सगळा भरवसा माणसाच्या शब्दावर.

अण्णांनी हाच धागा धरून 'दो आँखे बारह हाथ' लिहिला. सहा खुनी पडीक रान कसतात, भाजी पिकवून बाजारात रास्त भावानं विकतात. मग भाव पाडला म्हणून व्यापारी चिडतात. ज्यानं बाजारात माल उतरवलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी तो पडद्यावर आणला. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवातही तो गौरवला गेला.

पुढं १९६९ ला पद्मश्री आणि १९७३ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात अण्णा गेले. गाव सोडून चाळीस वर्षं होत आली होती, पण माणदेशची बोली त्यांच्या लिखाणातून कधी सुटली नाही.

आपल्याकडं माळ म्हणजे पडीक, आणि शिक्षा झालेला माणूस म्हणजे वाया गेलेला, असं चटकन म्हटलं जातं. आपल्याच तालुक्यात ही दोन्ही समजं खोटी ठरली होती. अण्णांनी ती गोष्ट जगाला सांगितली. शेटफळे, माडगुळे, स्वतंत्रपूर तिन्ही आटपाडी तालुक्यातच आहेत. शाळेच्या सहलीला लांब कशाला जायचं? पोरांना आधी हे दाखवा.